पक्का हात

माझ्या सासूबाईंच्या हातची लांब रोटी खाल्लेला माणूस पुढे कुठेही जेवला तरी तिथल्या रोटीला नावं ठेवत असे. सक्करदऱ्यात कोणाकडे लग्न निघालं की हळदीच्या आधी आमच्याकडे बोलावणं यायचं. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, यात शिकायचं ते काय? मॅट्रिकला सायन्स घेऊन पास झाले होते, त्यामुळे तसा मला बराच माज होता.

ही रोटी तव्यावर होत नाही. चुलीवर मोठं मडकं पालथं घालतात, खाली कोळसे पेटवतात. मीठ घातलेली सैल कणिक परातीत आपटून आपटून अशी करायची की ती हातातून लोंबली पाहिजे. मग ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत पातळ करायची आणि मडक्याच्या पाठीवर टाकायची. एवढं सहा महिन्यांत कोणालाही जमतं. जमत नाही तो ताव. मडकं कमी तापलं असेल तर रोटी चिकटून तिच्या चिंध्या होतात, जास्त तापलं तर टाकताक्षणी काळी पडते.

सासूबाई मडक्यापासून बोटभर अंतरावर तळहात धरायच्या आणि म्हणायच्या, "आला." किंवा, "नाही आला." बस्स. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "हातच सांगते, पोरी." माझा हात मला काही सांगत नव्हता. भाजतंय एवढंच सांगायचा. मी चिडचिड केली की सासूबाई हसून म्हणायच्या, "तुह्या तोंडाले लवकर ताव येते वं, मडक्याले येत नाही."

माझे यजमान कळमेश्वरच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. त्यांनी साहेबांना विचारून भंगारातलं एक उष्णता मोजायचं यंत्र घरी आणलं. काच तडकलेली गोल तबकडी आणि तिला हातभर जाड तार. तारेचं टोक मी ओल्या मातीनं मडक्याच्या खांद्याला लिंपून टाकलं. सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "काहून वं, आता मडक्याले घड्याळ बांधून राहिली का?"

पाच-सहा वेळा मी नुसती बघत बसले. त्या "आला" म्हणाल्या की काटा कुठे आहे ते बघायचं. दर वेळी तो त्याच जागी असायचा, केसाचाही फरक नाही. त्या बाईच्या हातापुढे मी मनातल्या मनात मान तुकवली, पण तोंडानं कबूल केलं नाही. त्या जागी काचेवर नखपॉलिशचा लाल ठिपका दिला, आणि त्या दिवसापासून माझ्याही रोट्या धड निघू लागल्या. सासूबाई त्यांना "घड्याळाच्या रोट्या" म्हणायच्या. पण खायच्या.

पुढे दोन-अडीच वर्षांनी घड्याळाचं आणि हाताचं पटेनासं झालं. काटा ठिपक्यावर आला तरी त्या म्हणायच्या, "नाही आला." आणखी कोळसे सारायच्या, आणि रोटी जळायची. मग गव्हाला दोष, कोळशाला दोष, शेवटी माझ्या घड्याळाला दोष. खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या होत होत्या. इतकी वर्षं चिंध्यांवरून ऐकून घेतलं होतं, आता माझा नंबर होता. जळकी रोटी उचलून मी मुद्दाम विचारायची, "हाताला नीट विचारलं ना, आई?"

गल्लीतल्या बायका मात्र त्यांच्या हाताचं कौतुक करत. त्या निखारा बोटांनी उचलून चुलीत सारायच्या, चिमटा लागत नसे. "मावशीचा हात पक्का झाला वं," बायका म्हणायच्या. मडक्यावर आयुष्य काढलं की हात मडक्यासारखाच भाजून पक्का होतो, अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत. त्यांच्या मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. तो शेकानं आला, असं त्या सांगायच्या आणि आम्हाला ते पटायचं.

दसरा आठवड्यावर आला होता. दीक्षाभूमीला येणारे गावचे वीस-बावीस पाहुणे दरवर्षी आमच्याकडे उतरत. त्यांच्यासाठी म्हणून हात बसवायला आम्ही मडकं मांडलं होतं. काटा ठिपक्याच्या बराच पुढे गेला आणि सासूबाई म्हणाल्या, "थंड आहे."

"आई, काटा बघा तरी."

"काट्याले काय चामडी आहे? हे पाह्य, हात ठेवून दाखवतो." आणि त्यांनी तळहात सरळ मडक्यावर टेकवला.

आता काढतील, मग काढतील, म्हणून मी बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू होतं. मग चामडी जळाल्याचा वास आला. मी त्यांचा हात खेचून काढला तेव्हा तळव्याची कातडी सुटली होती.

"दुखून नाही राहिलं?" मी ओरडले.

"नाही," त्या म्हणाल्या. आपल्याच तळहाताकडे बघता बघता त्यांचं हसू उतरलं. "काहूनच नाही दुखत वं?"

तेव्हा विदर्भात एवढं तर लहान पोरालाही ठाऊक होतं, की फिकट चट्टा आणि बधिर हात म्हणजे काय. भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं. आम्ही त्याला पक्का हात म्हणत बसलो होतो. आणि मी, सायन्सवाली, वर्षभर टोमणे मारत होते. माझं घड्याळ खरं ठरलं होतं आणि ते उचलून आपटावंसं मला वाटत होतं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले होते. त्यांनी पिसानं, सुईनं हात तपासला. कुष्ठरोगच होता, पण सुरुवातीचा. गोळ्या नेमानं घ्यायच्या. रोग बरा होतो, अन्नातून कोणाला लागत नाही, स्वयंपाक खुशाल करू द्या, फक्त भाजू देऊ नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि घरी येऊन आपलं ताट-वाटी वेगळी काढली.

दसऱ्याच्या सकाळी पाहुणे अंगणात बसले होते, वांग्याची भाजी उतरली होती. कणिक मी भिजवली होती. सासूबाई दाराच्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाताला पट्टी. एवढ्या रोट्या माझ्यानं होणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आई, चला. पट्टीवर पातळ फडकं गुंडाळते. ताव मी सांगते, रोटी तुम्ही टाका."

"नाही वं. मी नाही शिवत पिठाले." मग पट्टीकडे बघत त्या म्हणाल्या, "लहानपणी गावच्या विहिरीले लोकायनं मले शिवू नाही देलं. छप्पन साली दीक्षा घेतली तवा वाटलं, सुटलो त्याच्यातून. आता मीच मले शिवू देऊन नाही राहिलो."

मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "डॉक्टरपेक्षा जास्त शिकलात का तुम्ही?" मी ओरडले. "उठा म्हणते ना!"

त्या उठल्या. काटा ठिपक्यावर आला, मी म्हटलं, "आला." त्यांनी रोटी हातांवर खेळवून टाकली, ती चादरीसारखी पसरली. निघालेली रोटी त्यांनी घडी करून माझ्यापुढे धरली. "पाहुण्यायच्या आधी तू खाय."

मी घास तोंडात घातला आणि तो घशात अडकला. मला डॉक्टरांचं सगळं पटलं होतं, तरीही अडकला. त्याची मला आजही लाज वाटते. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. बाजूला पाण्याचा गिलास होता, तो त्यांनी हात न लावता कोपरानं माझ्याकडे सरकवला.

मी गिलास बाजूला ठेवला, घास कोरडाच गिळला आणि म्हटलं, "आई, अजून एक द्या."