सहा वाजताची हरकत

धारवाडच्या सप्तापुरात जयतीर्थराव गलगलींना ओळखत नाही असा पानवाला नाही, आणि त्यांच्यावर खूश आहे असाही पानवाला नाही. कारण साधं आहे. सिगरेट ओढणाऱ्यांच्या हक्कांसाठी गेली सात वर्षं एकहाती झुंजणारा हा माणूस स्वतः दिवसाला सिगरेट ओढतो एक. तीही संध्याकाळी सहाला.

"राव, तुमच्या जिवावर दुकान चालवायचं तर मला उद्यापासून भाजी विकावी लागेल," असं कोपऱ्यावरचा रामचंद्र त्यांना तोंडावर सांगतो. तरी हाच रामचंद्र त्यांच्या 'धूम्रपायी नागरिक हक्क समिती'चा खजिनदार आहे. खजिनाच नसल्यामुळे त्याला या पदाचा काही त्रास नाही. समितीचे सेक्रेटरी होते ते छातीत कळ आल्यावर सिगरेट आणि समिती एकाच दिवशी सोडून गेले. उरले अध्यक्ष. अध्यक्षांपाशी लेटरहेड आहे, गोल शिक्का आहे आणि पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं खर्डेघाशी करून कमावलेली अर्जाची भाषा आहे.

सोमवार ते शुक्रवार जयतीर्थराव कोर्टाजवळच्या एका वकिलाच्या कचेरीत बसून लोकांचे अर्ज लिहितात आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःचे. अर्ज कन्नडात, राग मराठीत, अशी त्यांची वाटणी आहे. बसस्टँड, कोर्टाचं कँटीन, महापालिकेची बाग, एकही जागा त्यांनी सोडलेली नाही. "पान खाऊन थुंकणाऱ्याला अख्ख्या गावाच्या भिंती मोकळ्या, आणि ओढणाऱ्याला चार फूट आडोसा नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. लेकराबाळांच्या तोंडावर धूर सोडणाऱ्याला मात्र ते समितीच्या दारात उभं करत नाहीत. कायदा त्यांना पाठ आहे. त्यांची मागणी एवढीच, की माणसाला एक कोपरा द्या. उत्तरं येतात. 'आपला विषय नोंदवून घेण्यात आला आहे.' ती ते तारखेनुसार फाईलला लावतात.

आता एका सिगरेटीसाठी एवढा आटापिटा कशाला, हे कळायला पस्तीस वर्षं मागे जावं लागेल.

सप्तापुरातलं त्यांचं घर तीन खोल्यांचं. मागच्या बाजूला स्वयंपाकघराची जाळीची खिडकी आणि खिडकीखाली धुण्याचा दगड. अनसूया लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाई गोदूबाई बाहेरच्या खोलीत झोपाळ्यावर विराजमान होत्या. त्यांच्या राज्यात सुनेनं नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलणं म्हणजे थिल्लरपणा. 'टॉवेल', 'डबा', 'आले का' एवढ्या तीन शब्दांवर संसार चालायचा. कचेरीतून आल्यावर चहा घेऊन जयतीर्थराव मागच्या दगडावर बसत आणि सिगरेट पेटवत. एके दिवशी जाळीतून आवाज आला, "शोभतं का हे?"

जयतीर्थराव दचकले. झोपाळाही थांबला. आत गोदूबाईंनी कान टवकारले होते, आणि त्यांचा निकाल साऱ्या घराला ऐकू गेला. "झाड चांगला. माझं तर ऐकत नाही मेला."

झालं. नवऱ्याशी बोलायला बंदी होती, पण सिगरेटीवरून झाडायला सासूचा आशीर्वाद मिळाला. दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता अनसूया मेथी घेऊन खिडकीशी बसू लागली. पहिलं वाक्य मोठ्यानं, झोपाळ्यासाठी. "फुफ्फुसं आहेत का चिमणी?" मग हळूच, "तुमच्या बहिणीच्या सासरहून पत्र आलंय, वाचलंत?" मग पुन्हा मोठ्यानं, "घरात वास येतो सगळा." आणि हळूच, "मला वाटतं या वर्षी स्लॅब घालूया." सिगरेट सात मिनिटांत संपते. जयतीर्थरावांनी ती वीस मिनिटं पुरवायची कला साधली. ओढायची कमी, धरायची जास्त. बहिणीचं बाळंतपण, मुलाची, श्रीवत्सची, इंजिनियरिंगची सीट, अनसूयेची थायरॉईडची गोळी, सगळं त्या जाळीतून ठरलं. घराण्याचा एकही मोठा निर्णय त्या दगडाला चुकवून झालेला नाही.

गोदूबाई गेल्या. झोपाळा माळ्यावर गेला. आता दोघं कुठंही बसून बोलू शकत होते. एकदा बाहेरच्या खोलीत समोरासमोर खुर्च्या टाकून बसलेही. अनसूया म्हणाली, "टॉवेल वाळलाय." सहा वाजता ती उठून खिडकीशी गेली, आणि हे दगडावर.

मग श्रीवत्सनं बसच्या अंतरावरच्या उणकलला फ्लॅट घेतला, नात वेदश्री झाली, सूनबाई स्मृतीची नोकरी सुरू झाली. "चार महिने आई येऊ दे," असं श्रीवत्स म्हणाला. त्या चार महिन्यांना आता तीन वर्षं होतील.

जयतीर्थरावही पहिल्यांदा बोचकं बांधून उणकलला गेले होते. पंधरा दिवस राहिले. फ्लॅट झकास होता. खिडकीतून तळ्याचा एक तुकडाही दिसायचा. पण सहा वाजता वेदश्रीला खिचडी भरवायची असायची, आणि सोसायटीत बाल्कनीत, जिन्यात, गच्चीवर कुठंही सिगरेट ओढायला बंदी. ते गेटाबाहेर रस्त्यावर उभे राहून ओढायचे. पंधराव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की या पंधरा दिवसांत बायको आपल्याशी 'टॉवेल' आणि 'सरका जरा' यापलीकडे काही बोललेली नाही. रागानं नव्हे, तिला फुरसत नव्हती आणि दोघांना जागा नव्हती. "घराला किती दिवस कुलूप ठेवायचं?" असं म्हणून ते सप्तापूरला परतले. सहा वाजता दगडावर बसले, सिगरेट पेटवली. खिडकी बंद. वर पाहत राहिले आणि सिगरेट बोटापर्यंत आली.

तेव्हापासून शनिवारी दुपारी 'चिगरी' नावाच्या शहरबसमध्ये बसायचं आणि रविवारी रात्रीच्या जेवणाआधी परतायचं, हा नेम झाला. आणि तेव्हापासूनच चळवळीनं उणकलवर मोर्चा वळवला.

सोसायटीच्या संघाला त्यांनी अकरा अर्ज केले. मागणी एकच: 'बी' इमारतीमागे पंपघराच्या भिंतीशी धूम्रपानासाठी जागा मिळावी. संघाचे अध्यक्ष सुधींद्र, निवृत्त बँक मॅनेजर, पहाटे तळ्याला तीन फेऱ्या मारणारे. अकराव्या अर्जानंतर त्यांनी श्रीवत्सला लिफ्टमध्ये गाठलं.

"तुझे वडील आम्हाला लिहितात ते अर्ज आहेत की उच्च न्यायालयातली याचिका? मागच्यात चौदा संदर्भ होते."

श्रीवत्स घरी येऊन म्हणाला, "अप्पा, दिवसाला एक तर ओढता. सोडून द्या की. इथंच राहाल मग, आईपण आहे."

"सोडून काय करू?" जयतीर्थराव म्हणाले.

आतून अनसूयेनं कुकरचं झाकण जरा जोरात लावलं.

अखेर गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून वार्षिक सभा भरली आणि विषय क्रमांक सात निघाला. जयतीर्थराव इस्त्रीचा सदरा घालून, फाईल मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. मागच्या रांगेत अनसूया, मांडीवर पेंगणारी वेदश्री.

सुधींद्र उभे राहिले. "मी सिगरेटीच्या विरुद्ध आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माणूस वयानं मोठा आहे, तीन वर्षं कायद्यानं चालला आहे. म्हणून संघानं ठरवलंय, मागच्या गेटाबाहेर, बदामाच्या झाडाखाली, सिमेंटचा बाक. समोर तळं. वारा. राखेसाठी डबाही ठेवू."

टाळ्या झाल्या. सात वर्षांत समितीचा हा पहिला विजय. रामचंद्र असता तर फुटाणे वाटले असते.

जयतीर्थराव उठले आणि म्हणाले, "हे मला मान्य नाही."

टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

"अहो, तळं दिसतं तिथून," सुधींद्र म्हणाले.

"मला तळं नको. मी पंपघराची जागा मागितली आहे."

"पंपघराशी काय आहे? डास आहेत. मोटर घरघरते."

"चालेल."

"बाक मिळतोय, सावली मिळतेय, आणि तुम्ही डासांत बसायचं म्हणता. राव, खरं सांगा, तुम्हाला सिगरेट ओढायची आहे की भांडायचंय?"

सभा हसली. जयतीर्थराव हसले नाहीत. फाईल चाळत राहिले, पण तिच्यातल्या चौदा संदर्भांत याचं उत्तर नव्हतं. शेवटी चष्मा काढून अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन्ही."

पुन्हा हशा. आता सुधींद्रही जिद्दीला पेटले. "ठीक. नियमच पाहू. पंपघराच्या वर ज्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे, त्यांची हरकत नसेल तर देऊ. पहिला मजला, एकशे दोन. कुणाचा आहे?"

श्रीवत्सनं मान खाली घातली. "आमचाच."

साऱ्या पार्किंगला आता कळलं, की या गृहस्थानं तीन वर्षं आपल्याच घराच्या खिडकीखालची जागा मागितली आहे. कुजबुज झाली. सुधींद्रनी मागच्या रांगेकडं पाहिलं. "अनसूयाक्का, खिडकी तुमची. तुमची काही हरकत?"

अनसूयेनं झोपलेल्या नातीला सुनेकडं दिलं, पदर सावरला आणि उभी राहिली.

"आहे," ती म्हणाली. "हरकत आहे."

जयतीर्थरावांनी फाईलची दोरी बांधायला घेतली. तीन वर्षं ज्या खिडकीसाठी घासाघीस केली, तिनंच पार्किंगमध्ये चारचौघांत नाही म्हटलं होतं. कदाचित अनसूयेला त्या सहा वाजण्याचं तेवढं अगत्य नसेलही. कदाचित ती सगळी वर्षं ती खरोखरच सिगरेटीवर रागावत होती आणि आपणच काहीतरी धरून बसलो. असं असू शकतं, हे त्यांच्या आजवर मनातच आलं नव्हतं.

"लिहून घ्या," अनसूया पुढं म्हणाली. "वास येतो. लग्न झाल्यापासून माझी हरकत आहे. तिथं बसले तर मी रोज हरकत घेणार. सहा वाजता, खिडकीत उभी राहून."

सुधींद्रनी पेन उचललं. "मग जागा नामंजूर."

"नामंजूर कशी?" अनसूया म्हणाली. "जागा द्या. हरकत घ्यायला माणूस समोर नको का? गेटाबाहेर तळ्याशी बसले तर मी कुणाला बोलू?"

सुधींद्रनी पेन कागदावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. बँकेत एवढी वर्षं काढली, पण हरकतीसह संमती त्यांच्यापुढं कधी आली नव्हती. मग त्यांनी लिहिलं: 'शनिवार व रविवार, सायंकाळी सहा ते साडेसहा, प्रायोगिक तत्त्वावर.' बाकीच्या पाच दिवसांचं पुढच्या सभेत पाहू म्हणाले. पुढची सभा पुढच्या वर्षी.

त्यानंतरचा पहिला शनिवार. सहाला पाच कमी असताना जयतीर्थराव पंपघरामागे पोचले. दगड नव्हता, वॉचमनकडून बादली मागून पालथी घातली. डास होते. मोटर घरघरत होती. खिशातून सिगरेट काढली, बोटांत धरली आणि वर पाहिलं. खिडकीची काच सरकवलेली होती, मागं कुणी नव्हतं. आतून वेदश्रीचं रडणं ऐकू येत होतं, आणि घास भरवणारा ओळखीचा आवाज.

सहा वाजले. सव्वासहा झाले. त्यांनी सिगरेट पेटवली नाही. बादली कण्हत होती, मोटर बंद पडली, तळ्याकडून वारा येऊ लागला. अर्ध्या तासातला अर्धा गेला होता. सोमवार ते शुक्रवार सप्तापुरात त्या बंद खिडकीखाली काढायच्या पाच संध्याकाळी त्यांना एकेक करून दिसायला लागल्या.

सहा वीसला जाळीमागं सावली आली. परात ओट्यावर टेकल्याचा आवाज. मेथीच होती. वास खालपर्यंत आला.

"काय हो, पेटवली नाहीत अजून?" सावकाश, मोठ्यानं, अख्ख्या बी इमारतीला ऐकू जाईल असं. "मी आता बोलू कशाला?"

"पेटवली की संपते गं," जयतीर्थराव म्हणाले.

वरून देठ मोडल्याचा आवाज आला. मग खूप हळू, पूर्वी झोपाळ्याला चुकवून बोलायची त्या आवाजात ती म्हणाली, "संपू दे. उद्या रविवार आहे."

त्यांनी काडी ओढली.