आधी अंग, मग कपडे

आमचे धाकटे भाऊजी चित्रकार आहेत आणि बायकांसमोर त्यांची दातखीळ बसते. माझ्याकडे चहा मागायचा तरी कपाकडे बघून मागतात. अशा माणसाची कामाची रीत मात्र ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत अशी. कुणाचंही चित्र असो, आधी पेन्सिलीने उघडं अंग काढायचं. खांदे, बरगड्या, पोट, सगळं. कपडे त्यावर नंतर चढवायचे. "वहिनी, आत अंग नसलं तर कपडा दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो," म्हणतात. खालच्या रेषा पुढे पुसल्या जातात, त्यामुळे ज्याचं चित्र त्याला पत्ताही लागत नाही.

गेल्या वर्षी इस्पितळातल्या मेट्रनबाई निवृत्त होणार होत्या. त्यांचं मोठं चित्र व्हरांड्यात लावायचं ठरलं, म्हणून त्या गणवेश घालून आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसू लागल्या. बाई मोठ्या करारी. त्या आल्या की मीसुद्धा उगाच ताठ उभी राहायचे.

भाऊजींचं घोडं गणवेशाच्या डाव्या बाजूला अडलं. छातीवरच्या चुण्या काही केल्या जमेनात. एरवीचा हा मुखदुर्बळ माणूस कामाच्या तंद्रीत चक्क म्हणाला, "बाई, शिंप्याने डावी बाजू बिघडवलीय. जरा ओढून घ्या." बाईंनी मुकाट्याने ओढून घेतली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, वर "शिंपी बदला हो" हा सल्ला. मी दारात उभी राहून हसले.

शेवटी कंटाळून त्यांनी नवा कागद घेतला आणि पुन्हा अंगापासून सुरुवात केली. मग हात धुवायला गेले, ते कागद झाकायचा विसरूनच. मी चहा घेऊन आत शिरले तर पाठ मोकळी करायला उठलेल्या बाई थेट कागदापुढे. चेहरा हुबेहूब त्यांचा, आणि अंगावर सूत नाही.

भाऊजी ओल्या हातांनी परतले आणि दारातच थिजले. "बाई, ते नुसतं मापासाठी... सगळ्यांचंच मी..." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मलाच झालं.

बाई ओरडल्या नाहीत. कागद नीट न्याहाळून म्हणाल्या, "चुकलंय, पेंटर. डावीकडे आता काही नाही. ऑपरेशनमध्ये काढलं. मी कापूस भरते. शिंप्याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

भाऊजींचे कान लालबुंद झाले. ज्या बाईकडे दिवसचे दिवस टक लावून पाहिलं, तिला आपण काय ओढायला लावलं, हे त्यांना तेव्हा कळलं. मला माझं हसणं आठवलं आणि इतकी लाज वाटली की ट्रे कुठे ठेवावा ते सुचेना.

भाऊजींनी खाली मानेनेच रबर उचललं आणि कागदावर डावीकडे टेकवलं.

"पुसू नका," बाई म्हणाल्या. तो आवाज मेट्रनचा नव्हता. "या कागदावर तरी राहू दे."