अप्पांची नक्कल

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भूतखेत, अंगात येणं, यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. फक्त नांदेडला माहेरी जे घडलं, ते मला कुठेच बसवता येत नाहीये... म्हणून लिहितेय.

माझे वडील, अप्पा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. भयंकर संयमी माणूस. आवडती जिलेबी समोर असली तरी एक खाऊन ताट सरकवायचे. आणि गेल्या वर्षीपासून हाच माणूस लग्नात शेजाऱ्याच्या ताटातला लाडू उचलायला लागला. नवरीच्या तोंडावर म्हणाला, "लई जाड हाय की ही!" आईला तर मान वर करायची सोय राहिली नाही.

डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, "मेंदूचा पुढचा भाग झिजतोय. मनात आलेलं थांबवतो तो हाच भाग. त्यांचा ब्रेक गेलाय म्हणा."

मग नक्कल सुरू झाली. समोरचा जे करेल ते अप्पा करायचे. डॉक्टरांनी कान धरला, अप्पांनी धरला. "असं करू नका हं," म्हणून पुन्हा धरला, अप्पांनी पुन्हा धरला. "हट्ट नाही हा," डॉक्टर म्हणाले, "त्यांना थांबताच येत नाही."

इथपर्यंत सगळं पुस्तकातलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला होते. दुपारी अप्पांच्या समोर बसून ठेच्यासाठी मिरच्यांची देठं काढत होते. अप्पाही रिकाम्या हातांनी देठं काढत होते. अचानक ते डावा डोळा जोरजोरात चोळायला लागले. यांनी मिरचीला हात लावला की काय, म्हणून मी उठणार, तेवढ्यात मिरची फुटली आणि बी माझ्या डोळ्यात उडालं. डाव्याच.

"आई, अप्पांनी *आधी* चोळला!"

"तुला उलटं वाटलं असंल," आई म्हणाली.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम समोर बसले. अप्पांनी खांद्यावर पदर सारखा केल्यासारखं केलं — आणि मग माझा हात पदराकडे गेला. आता नक्की कोण कुणाची नक्कल करतंय? अप्पा नाटक करताहेत का, असाही संशय आला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "हात उचलायच्या आधी तुमचा खांदा हलत असणार. त्यांना तेवढं पुरतं." पटलं. पण मिरचीचं काय?

पाडव्याला उमरीहून मोटारसायकलवर दादा आला, माझा मोठा भाऊ. अप्पांच्या समोरच बसला. चहात बिस्किट बुडवत शाळेतल्या गमती सांगत होता. अप्पांनी बिस्किट बुडवल्यासारखं केलं... आणि एकदम मूठ छातीवर दाबली. दुसरा हात बाजूला नेऊन हवेत काहीतरी चाचपडायला लागले, भिंत शोधल्यासारखे. तोंड उघडं पडलं, आणि खुर्चीतून खाली घसरले.

"अगं, ॲटॅक हाय हा! रिक्षा आणतो," दादा ओरडला.

दवाखान्यात ईसीजी काढला. एकदम साफ. अप्पा कॉटवर उठून बसले आणि नर्सचं पेन घेऊन हातावर लिहायला लागले. "ह्यांना काही झालेलं नाही," तिथले डॉक्टर जरा चिडूनच म्हणाले. दादा हसला, म्हणाला, "चला, सुटलो. आता मी निघतो उमरीला."

दोन पावलं गेला आणि थांबला. मूठ छातीवर. दुसऱ्या हाताने बाजूची भिंत चाचपली. तोंड उघडलं, आणि भिंतीला घासत खाली बसला.

तिथेच होता म्हणून वाचला. मोटारसायकलवर एकटा रस्त्यात असता तर... जाऊ द्या.

तो घरी आल्यावर मी त्याला खोदून विचारलं, "खरं सांग, चहा पिताना दुखत होतं ना? आम्ही घाबरू म्हणून लपवलंस?"

"न्हाई गं. आईची शप्पथ. मी निवांत बिस्किट खाऊन राहिलो होतो."

माझा त्याच्यावर अजूनही पूर्ण विश्वास बसत नाही. तो लपवत होता आणि अप्पांना त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, असं मानायला मला आवडेल. पण ती भिंत? अप्पांच्या खुर्चीजवळ त्या बाजूला भिंतच नाही!

गेल्या आठवड्यात परत नांदेडला गेले आणि हिंमत करून अप्पांच्या समोर बसले. केस मागे घेतले. चष्मा काढला, घातला. टाळी वाजवली. अप्पा हात मांडीवर ठेवून माझ्याकडे नुसते बघत होते. आजार पुढे गेला की नक्कलही जाते, असं डॉक्टर म्हणाले होतेच. तसंच असेल म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात आई कुकर बंद करून माझ्या शेजारी येऊन टेकली. अप्पांनी लगेच पदराने कपाळ पुसल्यासारखं केलं. मग आईने पदर हातात घेतला आणि कपाळ पुसलं.

मी पुन्हा टाळी वाजवली. अप्पा हलले नाहीत. आईचं पुढचं त्यांना दिसतं, मग माझं का नाही?

का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना मी अजून विचारलेलं नाही.