त्र्याण्णवचा डबा

बाबांची जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी होती आणि घरात मानही तिचाच मोठा होता. सौंसरच्या पंपावरचं साधं पेट्रोल तिला चालत नसे. एरवी जुन्या गाड्यांना तेच पुरतं. गावातल्या बाकीच्या जीपा त्याच्यावरच पळायच्या. पण नागपूरच्या मिस्त्रीने हिचं इंजिन नव्याने बांधताना हेड घासून दाब वाढवला, ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं आणि बाबांना बजावलं, "आता हिला त्र्याण्णव ऑक्टेनचं भारी पेट्रोलच पाजा. साधं टाकलं तर चढावर ठोकेल, आणि फार ठोकली तर पिस्टन जाईल." झालं. संत्र्यांचा ट्रक नागपूरला निघाला की आमचा रिकामा डबा ड्रायव्हरच्या पायाशी जायचा आणि भरून परत यायचा. लोक हसायचे. मीही हसायचे.

त्या वर्षी संत्र्याच्या बागांवर कोळशी, पानं-फळं काळी करणारा रोग, पडली. शेजारच्या बागेतले काका धावत आले. फवारणीच्या पंपातलं पेट्रोल ऐन वेळी संपलं होतं. बाबा घरी नव्हते. मी डबा उचलून दिला. दुसऱ्या दिवशी काकांनी तो सौंसरच्या पंपावरून गळ्यापर्यंत भरून आणला. पेट्रोल ते पेट्रोल, असं मनाशी म्हणत मी तो जागेवर ठेवून दिला. बाबांना सांगितलं नाही, कारण त्यांची बोलणी खायची माझी तयारी नव्हती.

चारच दिवसांनी भरदुपारी पोस्टमन माझं नियुक्तीपत्र घेऊन आला. पांढुर्ण्याच्या शाळेत शिक्षिका! दोन वर्षं मी त्या कागदाची वाट पाहत होते. छिंदवाड्याच्या जिल्हा कार्यालयात हजर व्हायचं होतं, आणि शेवटची तारीख तीच, त्याच दिवसाची. पाचपर्यंत न आल्यास नियुक्ती रद्द, असं खाली हिंदीत छापलेलं. पत्र इतके दिवस कुठे लोळत पडलं होतं कोण जाणे. दुपारची बस निघून गेली होती आणि पुढची सहाच्या आत पोचवत नव्हती.

जीपची टाकी जवळजवळ कोरडी होती. बाबांनी नरसाळं लावून डब्यातलं पेट्रोल ओतायला घेतलं आणि मध्येच थांबले. आता विचारतील, मग मी सांगेन, असं ठरवलं. त्यांनी विचारलं नाही. उरलेलं ओतलं, हात पुसले आणि म्हणाले, "चाल, बस गाडीत."

रामाकोन्यापर्यंत काही जाणवलं नाही. सिल्लेवानीचा घाट लागला आणि इंजिन ठोकायला लागलं. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज. बाबांनी गिअर खाली घेतला, तरी आवाज थांबेना. काट्याने उष्णतेची लाल रेघ गाठली. मी मांडीवरचं पत्र इतकं घट्ट धरलं होतं की घामाने त्याची कड ओली झाली.

"बाबा, एक सांगू का? ते त्र्याण्णव नाही हाये. मी काकांले देऊन टाकलं होतं फवारणीसाठी. हे आपल्या इथलंच साधं हाये."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"किती वाजून राहिले?"

"सव्वाचार."

वळण आलं, गेलं.

"हळू घ्या न मग. इंजिन जाईन."

"हळू घेतली तं पाच घाटातच वाजतीन," ते म्हणाले आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

प्रत्येक चढावर तो आवाज वाढायचा आणि मला तो माझ्याच हाडांत ऐकू यायचा. ज्या माणसाने त्या गाडीला कधी उन्हात उभं केलं नाही, तो तिला मारत नेत होता, आणि कारण मी होते. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही मनात एकच होतं, पोचली पाहिजे.

पाचला सात मिनिटं असताना मी सही केली. बाबू कपाटाला कुलूप लावतच होता.

खाली आले तर बॉनेट उघडं, आतून जळकट धूर, आणि बाबा चाकाला टेकून उभे.

"पिस्टन गेला," ते म्हणाले.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मले ओततानाच दिसलं होतं. रंगच येगळा होता. गावातल्या मिस्त्रीकडे टायमिंग मागं घ्याले नेली असती तं तिथंच दोन तास गेले असते."

"मग मले बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तू म्हटलं असतं, राहू द्या बाबा, गाडी नका काढू."

खरंच म्हटलं असतं. त्याचाच मला भयंकर राग आला. मनातला एक शब्दही न गाळता मी तिथे, कार्यालयाच्या आवारात, घरी निघालेल्या शिपायांसमोर त्यांच्यावर ओरडले. इतकी की शेवटी रडू फुटलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, बॉनेट हलक्या हाताने लावलं आणि विचारलं,

"कोणता वर्ग देतीन तुले, काही बोलले का ते?"