आईच्या खोलीतली फरशी

दोन हिवाळ्यांपूर्वी आईने सकाळचा रियाज सोडला.

कारेलीबागेतल्या आमच्या घरात मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. शाळेत गाणं शिकवायची तेव्हापासून आई रोज उजाडताना तिथे फरशीवर मांडी घालून बसायची आणि खर्ज लावायची. बडोद्याची थंडी ती काय, महिना-दीड महिन्याची. पण कोटा फरशी सकाळी बर्फ होते आणि आईचे गुडघे आता सत्तरीचे. खाली बसली की उठताना तिला दाराची चौकट धरावी लागे.

मी ब्लोअर आणला. दोन दिवसांत तिने तो माझ्या हातात परत दिला.

"घरघर करतो गं. मी एक सा लावते, तो भलताच लावतो. आणि घसा कोरडा पडतो."

"मग खुर्चीवर बसून गा."

"खुर्चीवर बसून मी हजेरी घ्यायचे. गाणं नाही."

तंबोऱ्यावर गवसणी चढली. रिफायनरीत बाबांची सगळी नोकरी वाफेच्या नळ्यांत गेली होती. जाड तेल थंडीत गोठू नये म्हणून त्याच्या पाइपाला वाफेची बारीक नळी बांधतात, ते त्यांचं काम. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते त्या खोलीत मापाची टेप घेऊन ओणवे झालेले.

"फरशीखालून नळी फिरवू," ते म्हणाले. "गच्चीवर सोलर आहेच. टाकीतलं पाणी नळीतून फिरलं की फरशी तापेल."

"आणि खोलीतली हवा?"

"ती कशाला तापवायची? ब्लोअर तेच करतो. गरम हवा वर जाते. पंख्याला थंडी वाजते का? गच्चीवर उन्हात बसतो तेव्हा हवा गारच असते ना, तरी पाठ शेकते. तसंच हे. फरशीची ऊब सरळ माणसाला लागते. आवाज नाही, वारा नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी स्वयंपाकघरात आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

आठवड्यात फरशी उखडली. खाली थर्मोकोलचे जाड पत्रे टाकले, म्हणजे ऊब जमिनीत मुरून वाया जायला नको. त्यावर जाळी, आणि जाळीला बांधलेली प्लास्टिकची चिवट नळी, जिलबीसारखी वळणं घेत गेलेली. आमचा नेहमीचा कडिया, म्हणजे गवंडी, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "काका, घरमां रिफायनरी नाखवी छे?" घरात रिफायनरी टाकायचीय की काय, या प्रश्नावर बाबा हसले, पण नळीत दाबाने पाणी भरून एक अख्खा दिवस गळती तपासल्याशिवाय त्यांनी त्याला कोबा टाकू दिला नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. "तंबोरा कुठे ठेवायचा? भोपळा तापला तर तडकेल."

बाबांनी बोट दाखवलं. उजव्या कोपऱ्यात हातभर जागा त्यांनी नळीवाचून सोडली होती. आई त्या कोपऱ्याकडे बघून आत गेली.

कोबा नीट सुकेपर्यंत गरम पाणी सोडायचं नव्हतं. संक्रांतीचं उत्तरायण आलं, गेलं. थंडी संपून जाईल या धास्तीने बाबा रोज वर्तमानपत्रात तापमान बघायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी पंप चालू केला. सोलरचं पाणी फार कढत, म्हणून त्यात गार पाणी मिसळणारा एक व्हॉल्व्ह बसवला होता. आई बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"अहो, गारच आहे."

बाबांचा चेहरा पडला. मग त्यांच्या लक्षात आलं. कोबा सावकाश तापतो. पाइपासारखी इथे घाई चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या दोन तास आधी उठून पंप लावू लागले.

त्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती खर्जाने. मी जाऊन पाहिलं. आईने खाली चटईसुद्धा घेतली नव्हती. हवा गार होती, खिडकी थोडी उघडीच होती, आणि ती सैल बसली होती. खांदे खाली, तळवे फरशीवर टेकलेले. आवाज पूर्वीचा नव्हता, वर जाताना तुटत होता. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. बाबा भिंतीला टेकून पाय पसरून बसले होते आणि चक्क घोरत होते. आईने त्यांना उठवलं नाही.

उठताना तिने चौकट धरली, पण सवयीने.

मागच्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, "हा व्हॉल्व्ह तू एकदा शिकून घे. इकडे फिरवला की गरम, तिकडे गार. पंपाचं बटण इथे. सोपं आहे."

"मला नाही शिकायचं."

"अगं, उद्या मी नसलो तर..."

"ते तुमचं काम आहे," आई म्हणाली आणि तंबोरा जुळवू लागली. तिने तार इतक्या जोरात छेडली की पुढचं बोलणंच झालं नाही.

दोन दिवसांनी आई भाजी आणायला बाहेर पडली तेव्हा बाबांनी मला हाक मारली, माझा हात व्हॉल्व्हवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवून तो हळूहळू फिरवून दाखवला.