ज्याने ग्रीस भरलं, तो बसणार

हाताला लागलेलं ग्रीस रॉकेलने निघतं. किस्से मात्र निघत नाहीत, थरावर थर चढतच जातात. नाशिकजवळच्या आमच्या छोट्या हँगरमध्ये शिकाऊ पायलटांची विमानं दुरुस्त होतात. चाकांची बेअरिंग काढायची, धुवायची, तळहातावर ग्रीस घेऊन प्रत्येक रोलरच्या फटीत दाबून भरायचं, हे आमचं नेहमीचं काम. त्यात हलगर्जीपणा झाला आणि उतरताना चाक अडकलं, तर विमान धावपट्टीवर गिरकी घेतं. म्हणून आमच्या जाधवसाहेबांचा एक नियम आहे. ज्याने ग्रीस भरलं, त्याने पहिल्या उड्डाणात आत बसायचं!

मला हा नियम कळला तो पहिलं बेअरिंग भरून मी चहाला निघालो तेव्हा. आमच्या पायलट शिंदे मॅडम विमानात त्यांच्या जागेवर बसून माझीच वाट बघत होत्या. उतरताना मी डोळे घट्ट मिटले, ते मॅडमनी हाक मारेपर्यंत.

"डोळे उघडा, केव्हाच उतरलोय."

*

आमच्यातले मेकॅनिक रावसाहेब सिन्नरचे, आधी ट्रॅक्टरच्या गॅरेजात होते. विमानाचं चाक दोन भागांचं, बोल्टने जोडलेलं असतं. टायरमधली हवा सोडल्याशिवाय ते बोल्ट खोलायचे नाहीत, नाहीतर चाक फुटून माणूस जातो. यांनी भरल्या टायरवरच पाना लावला होता! जाधवसाहेब ओरडत धावले.

रावसाहेब शांतपणे म्हणाले, "हवा सोडली तर परत भराया लागंल ना."

*

याच रावसाहेबांनी एकदा धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरागरा फिरवून वाळवलं. त्यातला रोलर सुटला तर गोळीसारखा लागतो. जाधवसाहेबांनी हवा बंद केली आणि ते बेअरिंग भंगारात टाकलं.

नवीन बेअरिंगमध्ये ग्रीस रावसाहेबांनीच भरलं, म्हणजे बसायची पाळी त्यांचीच. हेडफोनमध्ये मॅडमना "येळकोट येळकोट" ऐकू यायला लागलं.

"रावसाहेब, अजून इंजिन सुरू व्हायचंय."

*

आणि हा किस्सा दसऱ्याचा. ग्रीस भरलेली बेअरिंग स्वच्छ फडक्यावर मांडलेली, शेजारी पूजेची हत्यारं. पूजेचा मान साहेबांचा. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता भक्तिभावाने सगळ्यांवर उधळल्या.

सगळ्यांवर म्हणजे बेअरिंगवरसुद्धा! ग्रीसमध्ये रुतलेले लाल दाणे आधी मॅडमना दिसले. आम्ही हादरलोच. ग्रीसवर धुळीचा कण बसला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस!

साहेबांचा चेहरा पडला. चूक माझी, मीच निस्तरतो, म्हणाले. बाह्या सरसावून त्यांनी बेअरिंग धुतली, ग्रीस भरलं, चाकं चढवली, नट आवळले, पिना घातल्या. आम्हाला हातही लावू दिला नाही.

मॅडमनी हेडफोन चढवला आणि शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं.

"चला साहेब. ग्रीस तुम्ही भरलंय."

आमच्या साहेबांना विमानात बसलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी चाकांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग रुमालाने कपाळ पुसलं.

"रावसाहेब, जॅक आणा. चाकं परत उतरवू."