गळ्यापर्यंतचं पाणी

उस्मानपुऱ्यात माझा बँड आहे. क्लॅरनेट मी वाजवतो, चालीही मीच बसवतो. वरातीत नुसती सिनेमाची गाणी वाजवायची म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून पैठणकडच्या आत्याकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या आणि बँडवर आणायच्या, हा माझा जुना नाद.

त्यातली एक चाल लई गोड. गोष्ट मात्र वाईट. विहिरीला पाणी लागत नाही, म्हणून धाकट्या सुनेला नटवून, हाती पूजेचं ताट देऊन खाली धाडतात. ती एकेक पायरी उतरते, तसं पाणी चढत जातं. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. ओवी गळ्यापाशी आली की आत्या जातं सोडून उठायची. तिकडच्या सगळ्याच बाया तिथं थांबतात म्हणे.

"पुढं काय?" मी विचारलं.

"पुढचं म्हणायचं नसतंय. अन् लग्नात तर हे काढूच नको."

बायकांचं काहीतरी, असं म्हणून मी ते कानाआड केलं. बँडला गाणं अर्ध्यात टाकून चालतं का? शेवट मी रचला. सगळे ट्रंपेट एकदम वर, खाली मोठा ढोल, पाणी डोक्यावरून गेल्यासारखं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नात मी तीच ओवी शेवटासकट वाजवली. मुलीचा बाप क्लॅरनेट घेऊन उभा राहिला म्हणून लोक हसत होते. सासर दौलताबादजवळचं, शेतीवालं. शेवट सुरू झाला आणि त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या बाया गप्प झाल्या. विहीणबाईंनी डोक्यावर पदर ओढला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी शेतात विहीर खणली. पाणी लागेना. मुलीचा फोन आला.

"बाबा, उद्या विहिरीत पूजा आहे. मला एकटीला उतरायचंय. धाकटी सून मीच ना!" ती हसत होती. मी पहाटेच निघालो.

सकाळी पोचलो तर ती हिरव्या साडीत, ताट घेऊन चौथ्या पायरीवर. नुसती पूजा होती, कुणी तिचं काही करणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी ओरडलो, "वर ये! आत्ताच्या आत्ता वर ये!" आणि हात धरून तिला ओढलं. ताट निसटलं, खडकावर आपटत तळाला गेलं.

विहीणबाई चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "व्याही, लग्नात तुम्हीच वाजवलं व्हतं. अन् आता तुम्हीच अडवलं."

विहीर अजून कोरडी आहे. मुलीला कुणी टाकून बोलत नाही. टँकर आला की हंडे जाऊबाई भरते, हिला पाण्याला हात लावू देत नाहीत. घरी चल म्हटलं तर येत नाही. गेल्या आठवड्यात फोनवर शांतपणे म्हणाली, "उतरू दिलं असतंत तर बरं झालं असतं ना, बाबा?"

कपाळ माझं!

काल जावयाचा फोन आला. रोज सकाळी ती विहिरीच्या काठाशी एकटीच उभी राहते म्हणे. परवापासून दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहते.

मी तिला आणायला निघालोय. ती येईल असं मला वाटत नाही.